स्वस्त संगणकाचं घराणं

मार्च १९८१ मध्ये ब्रिटनमध्ये ‘झेडएक्स८१’ नावाचा संगणक बाजारात आला. सुटे भाग घेऊन स्वतः जोडणार असाल तर ४९.९५ पौंड, तयार हवा असेल तर ६९.९५. काळ्या प्लॅस्टिकची चपटी पेटी, कळफलक म्हणून अक्षरं छापलेला सपाट पापुद्रा आणि आत एक लहानशी सर्किटची पाटी. क्लाइव्ह सिंक्लेअर यांच्या कंपनीच्या आराखड्यानुसार त्या पाटीवर चिप फक्त चार: झेड८० प्रोसेसर, बेसिक भाषा कायमची भरून ठेवलेली ८ केबीची रॉम, १ केबी मेमरी आणि फेरांटी कंपनीने खास बनवून दिलेली एक चिप. आदल्या वर्षीच्या ‘झेडएक्स८०’ मध्ये १८ चिप मिळून जे काम करत होत्या, ते या एकटीने अंगावर घेतलं. १ केबी म्हणजे किती? आज युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचं एकेक चिन्ह ३ बाइट खातं. त्या हिशेबाने हा एवढासा परिच्छेदही त्या मेमरीत मावला नसता. तरीही या यंत्राच्या १५ लाखांहून जास्त प्रती खपल्या.

स्वस्त संगणकाची गोष्ट सहसा अशी सांगितली जाते की चिपच्या किमती उतरत गेल्या आणि संगणक आपोआप सामान्यांच्या आवाक्यात आला. हे अर्धंच खरं आहे. चिप स्वस्त झाल्या की बहुतेक कंपन्या त्याच किमतीत जास्त ताकदीचं यंत्र देतात. किंमत फारशी हलत नाही. ती हलली तेव्हा प्रत्येक वेळी कुणीतरी कागद-पेन घेऊन बसलं होतं आणि यंत्रातलं काय काय लागणारच नाही, याची यादी केली होती. सिंक्लेअरच्या यादीत स्क्रीन होता, कारण दिवाणखान्यात टीव्ही होताच. डिस्क होती, कारण गाणी ऐकायचा कॅसेट रेकॉर्डर घरोघरी होता. चालू-बंदचं बटणसुद्धा त्या यादीत गेलं. वायर उपसली की यंत्र बंद. मात्र यंत्र चालू करताच समोर येणारी बेसिकची ओळ, म्हणजे ‘लिही, मी करतो’ असं सांगणारी जागा, त्यांनी वगळली नाही. या घराण्याची चार-पाच दशकांची वाटचाल पाहिली तर यशापयशाचा सगळा हिशेब इथेच लागतो: काय काढलं आणि काय राखलं.

घराण्याचा मूळपुरुष शोधायला थोडं मागे, अमेरिकेत जावं लागतं. जानेवारी १९७५ च्या ‘पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स’ मासिकाच्या मुखपृष्ठावर ‘अल्टेअर ८८००’ झळकला. सुट्या भागांच्या संचाची किंमत ४०० डॉलरच्या आत. त्याला ना स्क्रीन, ना कळफलक. पुढच्या बाजूचे खटके वर-खाली करून एकेक बाइट आत भरायचा आणि लुकलुकणाऱ्या दिव्यांवरून उत्तर वाचायचं. हौशी मंडळी त्यावर तुटून पडली खरी, पण स्वस्ताईचा पाया घातला तो त्याच वर्षीच्या सप्टेंबरात, सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका हॉटेलच्या खोलीत. मोटोरोला सोडून ‘एमओएस टेक्नॉलॉजी’त आलेल्या चक पेडल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘६५०२’ नावाचा प्रोसेसर बनवला होता. तिथल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या मोठ्या प्रदर्शनात प्रत्यक्ष विक्रीला मनाई होती, म्हणून त्यांनी जवळच्या हॉटेलात खोली घेतली आणि काचेच्या बरणीतून चिप विकल्या. एकीची किंमत २५ डॉलर. तेव्हा मोटोरोलाची तशीच चिप पावणेदोनशेच्या घरात होती. ६५०२ मध्ये जेमतेम साडेतीन हजार ट्रान्झिस्टर होते. शिवाय चिप छापायच्या मास्कमधले दोष दुरुस्त करण्याची युक्ती या कंपनीला साधली होती, त्यामुळे खराब निघणाऱ्या चिपचं प्रमाण बरंच घटलं. बरणी मात्र भरलेली दिसावी म्हणून तळाला निकामी चिप घातल्या होत्या, असं पेडल यांनी पुढे सांगितलं. त्या खरेदीदारांत स्टीव्ह वॉझ्नियॅक हा तरुण होता. त्याने याच चिपवर पहिला ॲपल उभा केला. पुढे ‘ॲपल टू’, ‘कमोडोर पेट’, ‘कमोडोर ६४’ आणि ब्रिटनचा ‘बीबीसी मायक्रो’ यांच्या पोटात हीच चिप किंवा तिची भावंडं होती.

बीबीसी मायक्रोची जन्मकथा जरा सविस्तर सांगायला हवी, कारण आपल्या खिशातला फोन तिचा वारस आहे. १९८० च्या सुमारास बीबीसीने देशाला संगणक-साक्षर करायचं ठरवलं. टीव्हीवर मालिका करायची आणि मालिकेसोबत सगळ्यांना विकत घेता येईल असं एक यंत्रही द्यायचं. सिंक्लेअरना ते कंत्राट हवं होतं. पण सिंक्लेअरच्या कंपनीतून बाहेर पडलेले ख्रिस करी आणि त्यांचे भागीदार हर्मन हाउझर यांची केंब्रिजमधली छोटी ‘एकॉर्न’ कंपनीही स्पर्धेत उतरली. बीबीसीची माणसं आठवड्याभरात यंत्र पाहायला येणार होती आणि यंत्र फक्त कागदावर होतं. हाउझर यांनी एकॉर्नसाठी काम करणाऱ्या स्टीव्ह फर्बर यांना सांगितलं की त्यांची सहकारी सोफी विल्सनच्या मते हे जमेल. विल्सन यांना सांगितलं की फर्बरच्या मते जमेल. दोघांनी रात्रीचा दिवस केला आणि पाहुणे यायच्या काही तास आधी पाटीवर जीव आला. डिसेंबर १९८१ मध्ये बीबीसी मायक्रो विक्रीला आला. साधं मॉडेल २३५ पौंड, वरचं ३३५. सिंक्लेअरच्या तुलनेत महाग, पण कळफलक खराखुरा, बांधणी दणकट, आणि शाळांसाठी सरकारने निम्मी किंमत भरली. ब्रिटनच्या बहुतेक शाळांत तो पोचला.

सिंक्लेअरनी एप्रिल १९८२ मध्ये ‘झेडएक्स स्पेक्ट्रम’ने उत्तर दिलं. १६ केबीचा १२५ पौंडांना, ४८ केबीचा १७५ ना. रबराच्या कळा, रंगीत चित्रं. एकेका कळेवर बेसिकचे चार-पाच शब्द छापलेले. ‘पी’ दाबलं की अख्खा ‘प्रिंट’ हा शब्द उमटायचा. त्यामुळे मेमरी वाचायची आणि टंकलेखनातल्या चुकाही टळायच्या. प्रोग्रॅम कॅसेटवरून यायचे. टेप सुरू केली की कर्कश किंचाळी, पडद्याच्या कडेला रंगीत पट्ट्यांची धावपळ, आणि काही मिनिटांनी आवाजाची पातळी बरोबर नव्हती असं लक्षात आलं की पुन्हा पहिल्यापासून. मासिकांत पानंच्या पानं प्रोग्रॅम छापून येत; मुलं ते बघून टंकत, एक स्वल्पविराम चुकला की अडत, आणि चूक शोधताना प्रोग्रॅम चालतो कसा ते शिकत. त्या पिढीतला एक विद्यार्थी डेव्हिड ब्रेबेन. त्याने एका मित्रासोबत बीबीसी मायक्रोच्या इवल्या मेमरीत ‘एलीट’ नावाचा अंतराळ व्यापाराचा खेळ बसवला. तो १९८४ मध्ये आला. ब्रेबेन यांचं नाव पुढे परत येणार आहे.

आपल्याकडे तेव्हा काय होतं? आयात शुल्क जबर, आणि संगणक म्हणजे कचेरीतल्या वातानुकूलित खोलीची वस्तू. १९८४ च्या नव्या संगणक धोरणाने बंधनं सैल केली आणि १९८४-८५ मध्येच केंद्राने शाळांसाठी ‘क्लास’ प्रकल्प सुरू केला. सुरुवातीच्या सुमारे २५० शाळांत जे यंत्र गेलं ते हेच, बीबीसी मायक्रो. मोहालीच्या ‘सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्स’ या सरकारी कंपनीने परवान्याखाली ते इथे बनवलंही. कल्पना उत्तम होती. पण शाळेमागे मोजकी यंत्रं, आठवड्याला एखादी तासिका आणि इंग्रजीतलं साहित्य, यावर मुलाच्या हाताला यंत्राची सवय कशी लागणार? ब्रिटनमध्ये शाळेतलं यंत्र आणि घरातलं यंत्र एकमेकांना हात देत होते. इथे घरचा हात नव्हता. तो प्रकल्प फसला म्हणून त्याची हेटाळणी करणाऱ्यांनी ही बाजू लक्षात घ्यायला हवी.

घरात यंत्र आलं ते दहा वर्षांनी, आणि भलत्याच दाराने. जपानच्या निन्टेंडो कंपनीने १९८३ मध्ये काढलेल्या ‘फॅमिकॉम’ खेळयंत्रात ६५०२ चाच गाभा होता; फक्त त्यातला दशमान गणिताचा भाग वापरात नव्हता. नव्वदच्या दशकात त्याच्या स्वस्त नकला आशियाभर पसरल्या आणि आपल्याकडे ‘टीव्ही गेम’ म्हणून घरोघरी शिरल्या. मारिओ, कॉन्ट्रा, एकाच कॅसेटवर ९९९९ खेळ असल्याचा दावा, चित्र अडलं की कॅसेट काढून फुंकर मारायची आणि परत दाबून बसवायची. हे महाराष्ट्रातल्या लाखो मुलांनी केलं. त्यांतल्या काही यंत्रांना पूर्ण कळफलक असायचा आणि सोबतच्या कॅसेटवर टायपिंगच्या खेळांबरोबर बेसिकही असायचं. १९७५ मध्ये बरणीतून विकलेल्या चिपच्या घराण्यातलं यंत्र अशा रीतीने आपल्या टीव्हीला जोडलेलं होतं. त्या मुलांना हे सांगणारं, बेसिक उघडून दाखवणारं कुणी नव्हतं, याची मला आजही खंत वाटते.

मोठ्या घरांतला ‘खरा’ संगणक तेव्हा असेंबल केलेला असायचा. मुंबईचा लॅमिंग्टन रोड, पुण्याची तपकीर गल्ली. मदरबोर्ड इथून, रॅम तिथून, कॅबिनेट आणि एसएमपीएस तिसरीकडून, आणि जोडून देणारा ओळखीतला मुलगा. ब्रँडेडपेक्षा कितीतरी कमी पैशांत तेच काम. या बाजाराने महाराष्ट्रात जेवढ्या लोकांना संगणकापाशी बसवलं तेवढं कुठल्याही योजनेने बसवलं नसेल, असं माझं मत आहे. जोडणाऱ्या मुलांना तर तीच शाळा होती. २००१ मध्ये पुण्याहून एमकेसीएल या कंपनीने एमएस-सीआयटी हा संगणक-साक्षरतेचा अभ्यासक्रम सुरू केला आणि गावोगावच्या केंद्रांत हजारो माणसं पहिल्यांदा माउस धरायला शिकली. मात्र या टप्प्यावर घराण्यातली एक गोष्ट हरवली. विंडोजचा संगणक चालू केला की समोर चित्रं येतात. प्रोग्रॅम लिहायची जागा दिसत नाही, ती मुद्दाम शोधावी लागते. यंत्र वापरणं आणि यंत्राला काम सांगणं हे दोन वेगळे विषय झाले.

आता पुन्हा केंब्रिज, कारण स्वस्ताईतला सगळ्यात मोठा शोध तिथे लागला. बीबीसी मायक्रोनंतर एकॉर्नला नवा, वेगवान प्रोसेसर हवा होता. बाजारातले पसंत पडेनात. मग अमेरिकेत ६५०२ चं पुढचं रूप घडवणारी कंपनी पाहायला विल्सन आणि फर्बर गेले, तर तिथे मोजकी माणसं साध्या घरात बसून चिप आखत होती. हे त्यांना जमतं तर आपल्यालाही जमेल, अशी खात्री घेऊन दोघे परतले. बर्कलीतल्या संशोधकांनी मोजक्याच, सोप्या आज्ञांवर चालणाऱ्या प्रोसेसरचा विचार मांडला होता. तो त्यांनी उचलला. ऑक्टोबर १९८३ मध्ये काम सुरू झालं. हाताशी ना पैसा, ना मोठा चमू. पैसा नसल्यामुळे एक अट आली: चिप महागड्या सिरॅमिकच्या वेष्टनात न बसवता स्वस्त प्लॅस्टिकच्या वेष्टनात बसवायची. प्लॅस्टिकला उष्णता सोसत नाही, म्हणजे चिपने एक वॅटच्या आत काम केलं पाहिजे. नेमकं किती लागेल हे मोजायची साधनं नव्हती, म्हणून त्यांनी जागोजागी हात आखडता घेतला. सुमारे २५ हजार ट्रान्झिस्टरची ती चिप २६ एप्रिल १९८५ रोजी हाती आली आणि त्याच दिवशी चालली. फर्बर यांनी वीज किती जाते ते पाहायला मीटर लावला, तर काटा शून्यावर. चिप तर चालू होती! तपासल्यावर कळलं की पाटीवरची मुख्य वीजजोडणी झालेलीच नव्हती. इतर तारांतून येणाऱ्या संकेतांमधून जी थोडी वीज झिरपत होती, तेवढ्यावर प्रोसेसर धावत होता.

ही घटना म्हणजे या घराण्याचा कळस, असं मला वाटतं. कमी विजेचा प्रोसेसर हवा म्हणून तो कुणी बनवला नाही. वेष्टनाचे पैसे वाचवायचे होते, म्हणून तो तसा झाला. १९९० मध्ये एकॉर्न, ॲपल आणि व्हीएलएसआय यांनी मिळून ‘एआरएम’ ही वेगळी कंपनी काढली. पुढे मोबाइल आले, ते बनवणारे बॅटरीवर दिवसभर चालेल असा प्रोसेसर शोधू लागले, तेव्हा तो तयारच होता. आज जगातल्या जवळजवळ प्रत्येक स्मार्टफोनमध्ये एआरएमचा गाभा आहे.

आणि इथेच दोन यंत्रांची तुलना करावीशी वाटते. ५ ऑक्टोबर २०११ रोजी दिल्लीत तेव्हाचे मनुष्यबळ विकास मंत्री कपिल सिब्बल यांनी ‘आकाश’ टॅबलेट विद्यार्थ्यांसमोर ठेवला. पाच महिन्यांच्या आत, २९ फेब्रुवारी २०१२ रोजी ब्रिटनमध्ये ‘रास्पबेरी पाय’ विक्रीला आला. आकाश विद्यार्थ्याला ३५ डॉलरला पडावा असं उद्दिष्ट होतं. पायची किंमत ३५ डॉलरच होती. दोघांत एआरएमचा प्रोसेसर, दोघांत २५६ एमबी मेमरी. एकाचे आज ६ कोटींहून अधिक तुकडे जगभर गेले आहेत, दुसरा काही वर्षांत विस्मृतीत गेला. असं का झालं?

आकाशमध्ये सगळं द्यायचं ठरलं होतं: स्क्रीन, बॅटरी, वायफाय, पेटी. तेवढ्या पैशांत सगळं द्यायचं तर प्रत्येक गोष्ट सुमार होणार. पडद्याला दाबल्याशिवाय स्पर्श उमजायचा नाही, बॅटरी लवकर मान टाकायची, प्रोसेसर ३६६ मेगाहर्ट्झचा. महागड्या टॅबलेटची ती स्वस्त आवृत्ती होती आणि तुलना त्या महागड्याशीच होत राहिली. पुढची आवृत्ती पवईच्या आयआयटीच्या देखरेखीत बरीच सुधारली, पण तोवर बाजारातले चिनी अँड्रॉइड टॅबलेट त्याच किमतीपर्यंत उतरले होते. पाय बनवणाऱ्यांनी उलट केलं. स्क्रीन नाही, टीव्हीला जोडा. कळफलक नाही, जुना लावा. डिस्क नाही, कॅमेऱ्याचं मेमरी कार्ड घाला. चार्जर नाही, फोनचा चालेल. पेटी नाही, बॅटरीवरचं घड्याळ नाही आणि सिंक्लेअरप्रमाणे चालू-बंदचं बटणही नाही. उरलेले सगळे पैसे त्यांनी पत्त्याएवढ्या पाटीवर लावले: ७०० मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, पूर्ण लिनक्स, त्यात पायथन, आणि पाटीच्या कडेला पितळी काट्यांची उघडी रांग. त्या काट्यांना एलईडी जोडावा, मोटर जोडावी, मातीतला ओलावा मोजणारा सेन्सर जोडावा आणि चार ओळींत त्याला काम सांगावं. बीबीसी मायक्रोमध्ये जी जागा मुलाला मिळाली होती, ती पायने परत मिळवून दिली.

हे योगायोगाने घडलं नाही. एबेन अप्टन केंब्रिज विद्यापीठात संगणकशास्त्राचे प्रवेश पाहत होते. येणारे अर्ज घटत होते आणि आधीच्या पिढीतली मुलं जे घरूनच शिकून यायची, ते नव्या मुलांना येत नव्हतं. घरातली ती यंत्रं गेली, हे कारण त्यांनी ओळखलं. २००९ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसोबत धर्मादाय संस्था स्थापली. संस्थापकांत ‘एलीट’वाले ब्रेबेनही होते. दहा हजार पाट्या खपतील असा अंदाज होता. पहिल्याच दिवशी मागणी लाखावर गेली. नोव्हेंबर २०१५ मध्ये ‘पाय झीरो’ ५ डॉलरला आला आणि संस्थेच्या मासिकाच्या मुखपृष्ठावर चिकटवून फुकट वाटला गेला.

आपल्याकडेही याच धर्तीचे प्रयत्न झाले होते. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या प्राध्यापकांनी घडवलेला ‘सिम्प्युटर’ त्यांत पहिला. त्यातही एआरएम घराण्यातलाच प्रोसेसर होता, उद्दिष्ट ९ हजार रुपयांचं. कल्पना काळाच्या पुढे होती, पण हजारोंच्या पुढे विक्री गेली नाही आणि संख्येशिवाय किंमत उतरत नाही. अमेरिकेतल्या एमआयटीचे निकोलस निग्रोपॉन्टे यांच्या ‘शंभर डॉलरच्या लॅपटॉप’ची चाचणी २००७ मध्ये रायगड जिल्ह्यातल्या एका छोट्या शाळेतही झाली, पण तोपर्यंत तो लॅपटॉप शंभराऐवजी दोनशे डॉलरच्या आसपास गेला होता.

पायचंही सगळं आलबेल नाही. २०२१-२२ मध्ये चिपचा तुटवडा पडला तेव्हा संस्थेच्या, पाय विकणाऱ्या कंपनीने पाट्या आधी उद्योगांना दिल्या, कारण त्यांच्या यंत्रांत पाय बसवलेला होता आणि त्यांचा धंदा अडला असता. शाळा आणि हौशी मुलं मागे राहिली. बाजारात दुप्पट-तिप्पट भाव निघाले. त्या निर्णयामागचं कारण समजतं, तरी तो मला पटलेला नाही. जून २०२४ मध्ये कंपनी लंडनच्या शेअर बाजारात उतरली आणि आता तिचा बहुतेक माल कारखान्यांकडे जातो. वरच्या मॉडेलांच्या किमती ३५ डॉलरपासून बऱ्याच लांब गेल्या आहेत. शिकणाऱ्यासाठी घराण्याचा वारसा आज ‘पिको’सारख्या ४ डॉलरच्या पाटीकडे अधिक आहे. तिच्यात मेमरी २६४ केबी, स्क्रीन नाही, लिनक्सही नाही. फक्त पायथनची ओळ आणि कडेला तेच काटे.

तिला जोडायला मात्र दुसरा संगणक लागतो, आणि महाराष्ट्रातल्या बहुतेक घरांत तो नसतो. असतो तो फोन, आणि कपाटात त्याच्या आधीचा फोन, पडदा तडकलेला पण चालू. त्यातला एआरएम प्रोसेसर पहिल्या पायपेक्षा कितीतरी ताकदवान आहे. कंपन्यांनी तो बाहेरून कुलूपबंद ठेवला आहे, तरीही त्यावर ‘टर्मक्स’ नावाचं फुकट ॲप चालतं. ते उघडलं की काळ्या पडद्यावर आज्ञा लिहायची ओळ येते, एका आज्ञेत पायथन बसतो, आणि ओटीजीची वायर लावली तर तीस-चाळीस रुपयांच्या त्या वायरीवर कुठलाही जुना यूएसबी कळफलक चालतो. तालुक्याच्या शाळेतल्या संगणक शिक्षकाने पहिल्या तासाला एवढं जोडून दाखवलं, तर निविदेची वाट न पाहता वर्ग सुरू होऊ शकतो.